एक पोटात, एक कडेवर

बाईच्या दमणुकीचं वर्णन करायला आपल्याकडे तयार शब्द आहेत : एक पोटात, एक कडेवर. बोलणाऱ्याच्या स्वराप्रमाणे त्यात कधी कीव असते, कधी कौतुक, कधी टोमणा. पण तिन्ही वेळा नजर असते ती बाईवर. तिच्या कमरेवर केवढा भार आहे, ती कशी निभावते, एवढी घाई तिने का केली, असा सगळा विचार तिच्याभोवती फिरतो. कडेवरच्या मुलाला काय वाटत असेल, त्याच्या वाट्याला काय आलं, याबद्दल त्या चार शब्दांत काही नसतं. कडेवरचं मूल तिथे केवळ वजन म्हणून येतं.

गेले काही महिने मला याच गोष्टीचा विचार पडला आहे. कडेवरचं मूल पोटातल्या मुलाचं काही देणं लागतं का? जे अजून जन्मलेलं नाही त्याच्या भल्यासाठी, जे जन्मलेलं आहे आणि आत्ता हात धरून दाराकडे ओढतं आहे, त्याच्याकडून त्याची आजची संध्याकाळ मागून घ्यावी का? मागायची तर कुणी, आणि किती?

प्रश्न मोठा वाटतो, पण उभा राहतो तो अगदी लहान जागेत. मला सातवा महिना आहे आणि मुलगी अडीच वर्षांची आहे. आम्ही बडोद्यात राहतो. दुपारची झोप झाली की तिला बाहेर जायचं असतं, आणि बाहेर म्हणजे तिच्या हिशोबाने तीन ठिकाणं : कमाटीबाग, भाजीबाजार आणि आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे चाललेल्या बांधकामावरचा रेतीचा ढीग. कमाटीबाग सयाजीराव महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी उभी केली. आत प्राणिसंग्रहालय आहे, वस्तुसंग्रहालय आहे, त्यात देवमाशाचा सांगाडा आहे. मुलीला या सगळ्यात रस आहे, पण येता-जाता. तिचं खरं काम झाडांच्या आळ्यांत असतं. माळ्याने पाण्याचा पाइप सोडला की आळं भरतं, काठची माती मऊ होते, आणि ती आधी एक बोट, मग दोन्ही हात, मग बूड टेकवून त्यात बसते. चिखल एका हातातून दुसऱ्या हातात ओतते, पोटाला फासते, मला ‘चहा’ म्हणून देते. अर्ध्या तासात तिचा चेहरा ओळखू येत नाही. मी शेजारी जमिनीवर बसलेली असते, कारण बाकावरून वाकणं आता जमत नाही. उठायच्या वेळी ती माझा हात धरून सगळा जोर लावते आणि आपणच आईला उठवलं अशी तिची खात्री असते.

या दृश्यावर बागेतल्या लोकांचं मत ठरलेलं आहे. फेरी मारणाऱ्या एखाद्या बा थांबतात आणि विचारतात, ‘आवी हालतमां?’ अशा अवस्थेत? घरी सासूबाई तेच मराठीत विचारतात. त्यांच्या विचारण्यात माया असते, हे मला नीट कळतं. ‘अगं, तिला काय, घरात खेळेल. आता पोटातल्याचा विचार कर.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची बांधणी मला पाठ झाली आहे. पहिल्या अर्ध्यात एक मूल लहान होतं, दुसऱ्या अर्ध्यात दुसरं मोठं होतं.

वाक्य चुकीचं आहे असं म्हणण्याआधी त्यातलं खरं काय ते बघायला हवं. त्यासाठी धोका आणि घाण या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. आपण त्या नेहमी एकाच टोपलीत ठेवतो.

धोका आहेच. मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी माती-रेतीत मिसळतो. गरोदरपणात बाईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर तो गर्भापर्यंत पोचू शकतो. म्हणून उघड्या हातांनी माती उकरू नये, खाण्याआधी साबणाने हात धुवावेत, भाजी-फळं नीट धुवावीत, मांस पूर्ण शिजवावं, असं डॉक्टर सांगतात. दुसरा धोका मातीत नसतोच. सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, म्हणून भय कमी. पण संपत नाही. त्यावरचा सल्ला असा की मुलाचं उष्टं खाऊ नये, एका चमच्याने जेवू नये, ओठांऐवजी कपाळाचा पापा घ्यावा, लंगोट बदलल्यावर हात धुवावेत. तिसरा धोका पडण्याचा. या दिवसांत सांधे सैल होतात, शरीराचा तोल पुढे जातो, आणि तेव्हाच बारा किलोचं मूल ‘उचल’ म्हणून पायाला मिठी मारतं.

ही यादी बघताना मला एक गोष्ट जाणवली. मुलीने अर्धं चावलेलं बिस्किट मी तोंडात घातलं तर आजवर मला कुणी टोकलेलं नाही. उलट ते आईपणाचं लक्षण समजलं जातं; लेकराच्या उष्ट्याला कसली घाण, असं म्हणतात. चिखलात हात घातला की मात्र सगळ्यांच्या भुवया वर जातात. म्हणजे लोकांना जी घाण दिसते तिचा धोक्याशी संबंध थोडा असतो. घाणीची आपली कल्पना फार जुनी आहे. कोण कुठे बसतं, कशाला शिवतं, कुणाच्या पोराबरोबर खेळतं, यावरून ती बनलेली आहे. ‘चांगल्या घरातली’ मुलगी चिखलात बसत नाही, हे वाक्य जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचं असणार. त्या वाक्याला आता आरोग्याचे कपडे घातले आहेत, इतकंच.

तेव्हा धोक्याचं काम धोक्यासारखं करावं. मी माती उकरत नाही. ती उकरते, मी बघते. पिशवीत पाण्याची बाटली, साबण, जुना पंचा आणि तिचे कपड्यांचे दोन जोड असतात. तिचं उष्टं मी खात नाही, ती भरवते तेव्हा खाल्ल्यासारखं करते, आणि तिला ते चालतं. विश्वामित्रीच्या काठाकडे आम्ही फिरकत नाही, कारण नदीत मगरी आहेत आणि २०१९च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या. त्या बाबतीत नैतिक चर्चेला जागा नाही. निसरड्या पायवाटेवर मी तिला उचलत नाही. एवढं सगळं वजा केल्यावर मागे दोन गोष्टी उरतात : थोडासा न पुसता येणारा धोका, आणि लोकांच्या नजरा. नजरांचं ओझं मी उचलू शकते. प्रश्न त्या थोड्याशा धोक्याचा आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. मी स्वतःसाठी धोका पत्करला तर तो माझा प्रश्न. मुलीसाठी पत्करला तर तिला निदान त्या बदल्यात चिखल तरी मिळतो. पण पोटातल्या जिवाला त्या खेळातलं काही मिळत नाही, त्याला कुणी विचारलेलंही नाही, आणि वाईट झालं तर भोगणार ते. ज्याला विचारता येत नाही त्याच्या वतीने आपण कंजूषपणाने खर्च करावा, हा साधा न्याय आहे. अगदी थोडाही धोका का घ्यायचा? घरी बसलं की शून्य.

शून्य, हाच त्यातला कच्चा दुवा. घरी बसल्यावरही किंमत मोजली जाते, फक्त तिला धोका म्हणत नाहीत. दोन खोल्यांत, टीव्हीसमोर, ‘उडी मारू नको, पोटाला लागेल’ हे दिवसातून वीसदा ऐकत काढलेले तीन महिने अडीच वर्षांच्या मुलीला काहीच करत नाहीत, असं आपण धरून चालतो, कारण त्याची नोंद कुठल्या फाइलमध्ये होत नाही. सोनोग्राफीत पोटातल्याची मापं येतात. दाराशी चप्पल हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीचं माप कुणी घेत नाही. तीन महिने म्हणजे तिच्या आजवरच्या आयुष्याचा दहावा हिस्सा. माझ्या वयाच्या बाईला कुणी तीन-साडेतीन वर्षं घरात बस म्हटलं तर ते कुणाला किरकोळ वाटणार नाही.

रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ नाटकातला अमल मला या दिवसांत वारंवार आठवतो. आजारी पोराला वैद्याने बाहेर सोडू नका म्हणून सांगितलं आहे. शरदातलं ऊन आणि वारा बाधेल. माधव त्याच्यावर जीव टाकणारा माणूस आहे, आणि त्या जिवापोटीच तो दार लावून घेतो. अमल खिडकीत बसतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दहीवाल्याला म्हणतो की मलाही दही विकायला शिकव. त्याला घरात ठेवणाऱ्यांत दुष्ट म्हणावं असं कुणी नाही. ते त्याच्या भल्याचंच बघतात, आणि त्या भल्यामुळे पोराचं जग खिडकीएवढं होतं. शेवटी राजवैद्य येतो आणि आधी दारं-खिडक्या उघडायला लावतो.

हेच नाटक जुलै १९४२मध्ये वॉर्साच्या घेट्टोत अनाथ मुलांनी सादर केलं होतं. ते करवून घेणारे यानुश कोर्चाक डॉक्टर होते, लेखक होते आणि त्या अनाथालयाचे चालक. पुढच्याच महिन्यात त्यांना जवळजवळ दोनशे मुलांसह ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेण्यात आलं. तिथून कुणी परत आलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या मुलांवरच्या पुस्तकात कोर्चाक यांनी मुलाचे तीन मूलभूत हक्क सांगितले आहेत. मूल जसं आहे तसं असण्याचा हक्क, आजच्या दिवसाचा हक्क, आणि ऐकताच दचकायला होईल असा तिसरा, मृत्यूचा हक्क. डॉक्टर असलेल्या माणसाने मुलाला मरणाचा हक्क आहे असं का म्हणावं? त्यांचा रोख आई-बापांच्या भयाकडे होता. मरण मुलाला नेईल या भीतीने आपण त्याला जगण्यापासूनच तोडतो, असं त्यांना दिसलं होतं. भीती खरी असते, म्हणूनच तिला मर्यादा लागते. आणि आजच्या दिवसाचा हक्क म्हणजे, उद्याच्या नावावर मुलाचा प्रत्येक आज वळता करून घेऊ नये.

उद्याच्या नावावर आज वळता करणं, हे माझ्या प्रश्नाचं नेमकं वर्णन आहे. फरक इतकाच की इथे उद्या दुसऱ्याचा आहे आणि आज हिचा.

मग पोटातल्याचा हक्क कुठवर? मला वाटतं, एक कसोटी लावता येते. आज जो नियम मी पोटातल्याच्या नावाने मुलीला लावेन, तोच नियम काही दिवसांनी त्या पोटातल्यालाही लागेल का, हे बघावं. ‘घरात जो अधिक नाजूक असेल त्याच्यासाठी दुसऱ्याने खेळणं थांबवावं’ हा नियम घेऊ. आज नाजूक ते पोटातलं आहे. तीन महिन्यांनी तान्हं बाळ असेल : ‘बाळ झोपलंय, ओरडू नको.’ पुढे आजी आजारी पडेल. मग ज्याच्यासाठी आज सगळं थांबवलं ते मूलच अडीच वर्षांचं होईल आणि दाराशी उभं राहील. तेव्हाही घरात कुणीतरी अधिक नाजूक असेलच. नाजूक माणूस घरात कधीच संपत नाही. असा नियम पाळणाऱ्या घरात प्रत्येकाचं रक्षण होतं आणि कुणाचं बालपण होत नाही. पोटातल्याला विचारता आलं असतं तर असल्या घरात जन्म घ्यायला ते कितपत राजी झालं असतं?

म्हणून पोटातल्याला मी संरक्षण देणं लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी घेणं लागते. पण हे देणं माझं आहे. माझ्या मुलीने ते कधी काढलेलं नाही. तिच्या खात्यातून ते फेडायचं असेल तर आधी बाकीची सगळी खाती रिकामी झालेली असली पाहिजेत. माझी पाठ दुखणं हे एक खातं. कपडे खराब होणं, धुण्याचा साबण, रिक्षाचं भाडं ही आणखी काही. बागेतून आल्यावर तिला आंघोळ घालण्यासाठी तिच्या बाबाने ऑफिसातून लवकर निघणं, हे एक मोठं खातं, आणि बहुतेक घरांत त्याला कुणी हात लावत नाही. लोक काय म्हणतील हेही एक खातंच. किंमत मोजायची तर ती आधी मोठ्यांनी मोजावी. मुलाकडे शेवटी जावं. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो : मुलाचा वेळ फुकट असतो म्हणून तो सगळ्यात आधी खर्च होतो.

यावर काही जण मला मदत करायला येतात, आणि त्यांची मदत मला नको असते. ते म्हणतात, माती चांगलीच, प्रतिकारशक्ती वाढते, हाताच्या स्नायूंना वळण लागतं, मेंदूची वाढ होते. शहरांत आता अशा खेळाचे वर्ग निघाले आहेत. तिथे खाण्याच्या रंगातला ‘चिखल’ प्लास्टिकच्या टबात मिळतो आणि पाऊण तासाने तो संपतो. या म्हणण्यात तथ्य असेलही. पण चिखलाची वकिली अशी केली की तोसुद्धा उद्यासाठी केलेली गुंतवणूक होऊन बसतो. मग ज्या दिवशी एखाद्या अभ्यासातून निघेल की चिखलाने काही वाढत नाही, त्या दिवशी तो बंद करायचा का? माझी मुलगी आळ्यात बसते तेव्हा ती कशाची तयारी करत नसते. ती चहा करत असते.

गर्भाच्या बाबतीतही आपण असेच गुंतवणूकदार होतो. पोटातलं ऐकतं म्हणून चांगलं ऐका, चांगलं बघा, मन प्रसन्न ठेवा. अभिमन्यूची गोष्ट सांगितली जाते. त्या गोष्टीच्या घरोघरी चालणाऱ्या रूपात सुभद्रेला मध्येच झोप लागते, चक्रव्यूहातून बाहेर पडण्याची विद्या राहून जाते, आणि पुढे मुलगा रणात मारला जातो. सात महारथी एका पोराला घेरून मारतात, आणि कथेचं बोट जातं ते गरोदर बाईच्या डुलकीकडे! दमलेल्या बाईला झोप येऊ नये, असा तो संस्कार आहे. गर्भाला ऐकू येतं, हे सहाव्या-सातव्या महिन्यापासून खरंच असतं. तर मग माझ्या पोटातलं सध्या जे ऐकतं आहे त्यात एका मुलीचं मोठ्याने हसणं आहे, चिखलावर हात आपटल्याचा आवाज आहे आणि ‘आई, बघ’ हे दोन शब्द शंभरदा आहेत. यापेक्षा चांगलं काय ऐकवावं, मला सुचत नाही.

आणखी एक शब्द आहे, तो गोड असल्यामुळे त्याची धार दिसत नाही. ‘आता तू ताई होणार.’ अडीच वर्षांच्या मुलीला हे सांगितलं जातं ते कौतुकाने. पण त्या शब्दाबरोबर कामाची यादी येते : ताई हट्ट करत नाही, ताई मातीत लोळत नाही, ताई बाळाला सांभाळते. मुलगा असता तर ‘दादा’ म्हटलं असतं, आणि यादी बरीच छोटी असती. आमच्या घरात ही यादी दोन वाक्यांची आहे. घराबाहेर ती केवढी लांब होते, हे ताराबाई मोडकांनी पाहिलं होतं.

ताराबाई मराठी, बालशिक्षणाचा त्यांचा पाया घडला तो गुजरातमध्ये, भावनगरला, गिजुभाई बधेकांबरोबर. गिजुभाईंनी वकिली सोडून १९२०मध्ये तिथे दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं. गुजरात त्यांना ‘मूछाळी मा’, मिशांची आई, म्हणून ओळखतो. पुढे १९४५मध्ये ताराबाईंनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि नंतर ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हाताशी धरली. पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाचं आहे ते त्यांचं एक निरीक्षण. शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येऊ शकत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. आई कामावर, आणि मुलगी आईच्या जागी. यावर त्यांनी कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. ताईने भावंडाला घेऊनच यावं. ते पाळण्यात जाईल, ही वर्गात बसेल.

या योजनेमागचा विचार मला फार मोठा वाटतो. त्या मुलींना ‘भावंडाची जबाबदारी टाळू नका’ असं ताराबाईंनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या आयांना ‘मुलीचं बालपण हिरावू नका’ असा उपदेशही केला नाही. ज्या देण्याचा बोजा मुलीच्या कमरेवर पडला होता, तो उचलून त्यांनी मोठ्यांच्या खात्यात टाकला. एक बाई पाळण्यापाशी बसवली, आणि दुसऱ्या मुलाची किंमत पहिल्या मुलीने मोजणं त्या आवारापुरतं तरी थांबलं.

हे लिहिताना भिंतीपलीकडच्या रेतीच्या ढिगाकडे बघावंच लागतं. त्या ढिगावर माझ्या मुलीआधीपासून एक मूल खेळतं आहे. त्याची आई बांधकामावर घमेली वाहते. तीही गरोदर आहे. पोटावरून बघता माझ्याहून फार मागे-पुढे नसावी. दोन्ही पोरं एकाच रेतीत हात घालतात. माझ्या मुलीच्या बाबतीत तो खेळ असतो, निवड असते, लेखाचा विषय असतो. त्या मुलाच्या बाबतीत दुसरी जागाच नसते. माझी मुलगी रेतीतून उठते ती साबणाकडे आणि गरम पाण्याकडे. ते मूल उठतं ते सिमेंटच्या गोण्यांकडे. त्याच्या आईला ‘आवी हालतमां?’ असं कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर तिने काय उत्तर द्यावं?

धोका कुठला चालेल आणि कुठला नाही हे ठरवत बसण्याची सोय ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ही सोय कशाची बनली आहे हे विसरू नये. ती नळाच्या पाण्याची, रजेची, दवाखान्याच्या अंतराची आणि दुसऱ्या मोठ्या माणसाच्या दोन हातांची बनलेली असते. १९६९मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केली ती हे ओळखूनच. बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा सांगत होता की पन्नासपेक्षा जास्त बायका नेहमी कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळणारं माणूस असावं. आमच्या शेजारच्या कामावर सात-आठ बायका दिसतात. अशा कामावरच्या मुलांना तो कायदा शिवतच नव्हता. तिथेही क्रम उलटाच आहे : ठेकेदाराचं खातं भरलेलं, मालकाचं भरलेलं, इमारतीत उद्या राहायला येणाऱ्यांचं भरलेलं, आणि किंमत मोजतं आहे ते रेतीतलं पोर. पोटातल्याची काळजी करा, असं आपण बायकांना सांगतो. ज्यांच्या हातात काही आहे त्यांना ते कुणी सांगत नाही.

एवढं म्हटल्यावर, माझ्या उत्तराची मर्यादाही सांगायला हवी. उद्या डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितलं तर आमच्या फेऱ्या थांबतील. नवव्या महिन्यात त्या तशाही कमी होतील. कुणी दुसरं तिला नेईल, आणि कुणी नसेल त्या दिवशी तिला घरी बसावं लागेल. मुलांना काहीच सोसावं लागू नये असं माझं म्हणणं नाही. एकत्र राहणाऱ्या माणसांना ते चुकत नाही. पण त्या दिवशी मी तिला ‘बाळाला लागेल’ असं सांगणार नाही. ‘मी दमले आहे, मला झेपत नाही’ असं सांगेन. वाक्यातला फरक लहान आहे, पण बिल कुणाच्या नावावर फाडलं जातं हे त्यातून ठरतं. माझ्या नावावर फाडलं तर ती माझ्यावर रागवेल, रडेल, आणि मला तो राग घेता येईल. मी मोठी आहे, तिच्यासमोर उभी आहे, तिला उत्तर देऊ शकते. बाळाच्या नावावर फाडलं तर जन्माला येण्याआधीच ते तिचं देणेकरी होऊन बसेल, आणि ज्याने काही मागितलेलंच नाही त्याच्याकडून ती पुढची कित्येक वर्षं वसूल करत राहील. भावंडांमधल्या हेव्याला आपण निसर्ग म्हणतो. त्यातला बराचसा भाग मोठ्यांनी चुकीच्या नावावर फाडलेल्या बिलांचा असावा, असा मला संशय आहे.

बाळकृष्णाने माती खाल्ली तेव्हा यशोदेने त्याचं तोंड उघडून पाहिलं आणि तिला त्यात सगळं विश्व दिसलं, हे आपण सगळे जाणतो. भागवतात त्यापुढे जे येतं त्याकडे आपलं लक्ष कमी जातं. ते दर्शन ती विसरते, आणि पोराला उचलून मांडीवर घेते. मला ते विसरणं फार शहाणपणाचं वाटतं. भूत-भविष्यासकट सगळं विश्व नजरेसमोर ठेवून कुणालाही मूल वाढवता येणार नाही. हातात जे असतं ते मातीने भरलेलं एक तोंड, आणि थोडा वेळ. पोटातल्याचा वेळ येईल तेव्हा तोही त्याला पुरा मिळावा, ही माझी त्याच्याशी बांधिलकी आहे, आणि ती पाळायची सवय मला त्याच्या बहिणीपासूनच लावून घ्यावी लागेल.